तिसऱ्या मुंबईत आधी काय? प्रादेशिक आराखडा कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचं गाव पेण तालुक्यात, खाडीच्या बाजूला आहे. कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराच्या, म्हणजे 'तिसऱ्या मुंबई'च्या, १२४ गावांच्या यादीत ते आलं आहे. 'शाश्वत', 'धोरणात्मक', 'प्रादेशिक' हे शब्द रोज कानावर पडतात. आराखडा समोर येईल तेव्हा त्यात नेमकं काय बघायचं आणि काय मागायचं? आमचा विकासाला विरोध नाही, पण फसायचंही नाही."

आराखडा हातात पडला की माणूस आधी रंग बघतो. आपला सर्व्हे नंबर पिवळ्यात (राहण्याच्या भागात) आलाय की हिरव्यात (शेतीच्या), वरून रस्ता जातोय का, आरक्षण पडलंय का. साहजिक आहे, जमीन आपली आहे. पण प्रादेशिक नियोजनात उभी नोकरी काढल्यावर माझी नजर नकाशावर शेवटी जाते. आधी मी क्रम शोधतो. कोणतं काम आधी होणार, त्याचे पैसे कोण देणार, आणि ते पूर्ण होईपर्यंत बाकी काय थांबवून ठेवणार? आपल्याकडचे बहुतेक आराखडे जमिनीचा वापर बारकाईने सांगतात आणि या तीन प्रश्नांवर गप्प बसतात. शाश्वत विकास म्हणून जे काही असतं ते माझ्या मते याच तीन प्रश्नांच्या उत्तरात असतं.

तुम्हाला उदाहरणासाठी लांब जायला नको. खाडीच्या वरच्या अंगाला नवी मुंबई आहे: ९५ गावं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुमच्या नवनगराची अधिसूचना निघाली आणि एमएमआरडीएला (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) नवनगर विकास प्राधिकरण नेमलं गेलं. त्याचं क्षेत्र उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांत मिळून सुमारे ३२३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे जवळजवळ तेवढंच शहर, तशाच आगरी-कोळी-कराडी गावांच्या जमिनीवर, पन्नास वर्षांनी पुन्हा वसवायचं ठरलं आहे. पहिल्या वेळी काय बरोबर झालं आणि काय चुकलं, याचा हिशेब तयार आहे. तो वापरला नाही तर दोष आपल्या सगळ्यांचा.

१९५८ मध्ये नेमलेल्या स. गो. बर्वे अभ्यासगटाने ठाणे खाडीवर पूल बांधून पलीकडे वस्ती करावी, असं सुचवलं होतं. १९६०च्या दशकाच्या मध्यात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना स्पष्ट मांडली. त्याच सुमारास धनंजयराव गाडगीळ समितीने प्रादेशिक नियोजनाचा आग्रह धरला, १९६६चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला आणि मार्च १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. मूळ कल्पना घरांची नव्हती, कामाच्या जागांची होती. मुंबईच्या दक्षिण टोकाकडे रोज धावणारी माणसं पूर्वेकडे वळवायची, म्हणजे कार्यालयं पूर्वेला न्यायची आणि सुरुवात सरकारने स्वतःपासून करायची.

झालं काय? वाशीचा पूल १९७३ मध्ये खुला झाला. रेल्वे वाशीला पोचली मे १९९२ मध्ये. मधली एकोणीस वर्षं पुलावरून बस आणि मोटार, एवढाच आधार. आणि नेमक्या त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. मंत्रालय हललं नाही. विधान भवनाची नवी इमारत १९८१ मध्ये दक्षिण मुंबईतच झाली. बेलापूरला कोकण भवन आलं, पण कोकण विभागाच्या कार्यालयामागे बँका आणि कंपन्यांची मुख्यालयं धावत येत नसतात. एका हाताने नवं शहर आखायचं आणि दुसऱ्या हाताने जुन्या टोकाला भराव घालायला परवानगी द्यायची, असं झालं. नियोजनकारांचा नकाशा चुकला नव्हता. त्याच्याशी विसंगत निर्णय दुसऱ्या टेबलावर होत होते आणि ते थांबवण्याची ताकद नकाशात नव्हती.

याच्या उलट घाऊक बाजाराचं उदाहरण घ्या. कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळं, भाजी हे बाजार १९८० आणि १९९०च्या दशकांत टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला आले. व्यापाऱ्यांनी विरोध केला, कोर्टकचेऱ्या झाल्या, पण बाजार हलला. कारण तिथे आधी गाळे, रस्ते आणि ट्रक उभे करायची जागा तयार झाली आणि मग शासनाने कायद्याचा जोर लावला. सोय आधी आणि सक्ती नंतर, हा क्रम पाळला तेव्हा काम झालं.

रेल्वेचे पैसे कसे उभे राहिले, हेही लक्षात ठेवा. खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश वाटा सिडकोने उचलला, उरलेला रेल्वेने. सिडकोने तो जमीन विकून काढला, स्थानकांवरच्या इमारतींतून काढला, आणि प्रवाशांनीही वर्षानुवर्षं तिकिटामागे अधिभार भरला. म्हणजे जमिनीची वाढलेली किंमत पुन्हा जमिनीखालच्या आणि जमिनीवरच्या सोयींत गेली. नवी मुंबईत जे चांगलं दिसतं, मोठी स्थानकं, रुंद रस्ते, सांडपाण्याची व्यवस्था, ते या एका गोष्टीमुळे. तुमच्या आराखड्यात हे चक्र कुठे आहे ते शोधा. "निधी शासनाकडून उपलब्ध होईल" असं वाक्य दिसलं, तर ते उत्तर नव्हे.

आता अलीकडचा अनुभव. उरणचा रेल्वेमार्ग १९९०च्या दशकात मंजूर झाला. गाडी खारकोपरपर्यंत आली नोव्हेंबर २०१८ मध्ये आणि उरणला जानेवारी २०२४ मध्ये. तोवर याच मार्गावरच्या उलव्याच्या इमारती उभ्या राहून तिथे माणसं राहायलाही आली होती. ज्याच्या घरापासून पाच-सहा वर्षं गाडी नसते, तो माणूस कर्ज काढून दुचाकी किंवा मोटार घेतो. गाडी सुरू झाल्यावर तो वाहन विकून टाकत नाही. सवय लागलेली असते, हप्ता चालू असतो, मुलांची शाळा त्या हिशेबाने निवडलेली असते. हवेत जाणारा धूर, रस्त्यावरची कोंडी, वाहनतळासाठी गेलेली मैदानं, यांतलं बरंचसं त्या मधल्या वर्षांत ठरून जातं. म्हणून रेल्वे किंवा बसची चांगली सेवा आणि पहिला भोगवटा दाखला (इमारत वापरायची परवानगी) एकाच दिवशी यावेत, असा माझा आग्रह असतो. पर्यावरणाच्या अहवालातल्या शंभर पानांपेक्षा एवढ्या एका अटीने जास्त फरक पडेल.

अटल सेतू याच कसोटीवर तपासा. २१.८ किलोमीटरचा हा पूल जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला आणि चिर्ल्याजवळ उतरतो. अभियांत्रिकी म्हणून तो अभिमानाचा आहे. पण त्यावर रेल्वे नाही, दुचाकीला बंदी आहे, आणि सुरू झाला तेव्हा मोटारीचा एकेरी टोल २५० रुपये ठेवला गेला. चिर्ले, जासई, चिरनेरकडच्या तरुणांपैकी बहुतेकांकडे दुचाकीच असते. त्यांच्यासाठी मुंबई वीस मिनिटांवर आलेली नाही, त्यांच्या जमिनीला मुंबईचा भाव मात्र आला आहे. या पुलाच्या आधाराने जे शहर होईल ते मोटारवाल्यांचं होईल, जर त्यावरून ठरावीक वेळाने धावणाऱ्या, परवडणाऱ्या बस पहिल्यापासून नसतील तर. बसच्या फेऱ्या किती, तिकीट किती, तोटा कोण भरणार, हे आराखड्यात लिहून घ्या. बस ही सगळ्यात स्वस्त पायाभूत सुविधा आहे आणि आपल्या आराखड्यांत तिला सगळ्यात कमी ओळी मिळतात. तीच गोष्ट आधीपासून असलेल्या रेल्वेची. पनवेल-पेण-रोहा मार्ग आहे, वसई-दिवा-पनवेल मार्ग आहे. रूळ आहेत, गाड्या मोजक्या आहेत. नव्या मेट्रोची रेघ ओढण्याआधी आहे त्या रुळांवर फेऱ्या वाढवायला काय लागेल, हा प्रश्न विचारायला हवा.

पाण्याकडे येतो. इथे अंदाजपंचे बोलायची गरज नाही, साधा गुणाकार पुरतो. समजा शहर २० लाखांचं. माणशी रोज १३५ लिटर धरले तर २७ कोटी लिटर, म्हणजे २७० दशलक्ष लिटर लागले. वाटेत १५ टक्के गळती धरली तर उचल सुमारे ३१८ दशलक्ष लिटरची. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं, म्हणजे रोज २१६ दशलक्ष लिटर. हॉटेलं, गोदामं, कारखाने यात धरलेले नाहीत. आता विचारा: हे ३१८ कोणत्या धरणातून, आणि ते २१६ कोणत्या खाडीत?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सहसा असं मिळतं: "हेटवणे, बाळगंगा, कोंढाणे." नीट बघा. हेटवणे तुमच्याच तालुक्यात आहे. त्याचं पाणी सिडकोच्या वसाहतींना जातं आणि पेणच्या खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या, बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. बाळगंगेचं काम पुनर्वसनापाशी अडलं आणि वर्षानुवर्षं रखडलं. कोंढाणे उल्हास नदीच्या वरच्या अंगाला, कर्जत तालुक्यात. तिथे अडवलेलं पाणी खाली बदलापूर, कल्याण, उल्हासनगरच्या वाट्यातून वजा होणार. धरणाचं नाव लिहिलं म्हणजे पाणी मिळालं असं होत नाही. ते आज कोण पितंय, हेही लिहावं लागतं.

प्रदेश म्हणून विचार करायचा म्हणजे काय, हे उल्हास नदीवरून फार छान कळतं. ही नदी उन्हाळ्यातही वाहते. का? कारण भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी तिला मिळतं. ते पाणी येतं घाटमाथ्यावरच्या, आंध्रा नदीवरच्या ठोकळवाडी धरणातून, आणि आंध्रा नदी मुळात भीमेच्या खोऱ्यातली. भिवपुरीचं केंद्र १९२२चं. म्हणजे शंभर वर्षं सोलापूरकडे जाणारं पाणी वीज करून कोकणात उतरतंय आणि त्यावर बदलापूर, शहाड, मोहिली इथले पंप चालतात. उद्या पूर्वेकडच्या लोकांनी ते पाणी परत मागितलं, आणि ती मागणी अधूनमधून होतेच, तर ठाणे जिल्ह्यातल्या अर्ध्या शहरांचं गणित कोलमडेल. मुंबई महानगर प्रदेशाची हद्द आता सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर आहे, तरी तिच्या पाण्याचा एक धागा त्या हद्दीबाहेर, घाटापलीकडे अडकलेला आहे. आराखडा तालुक्याच्या सीमेवर थांबतो, नदी थांबत नाही.

शहापूरचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. तानसा, भातसा, मध्य वैतरणा त्याच भागातली. मुंबईला पाणी देणाऱ्या या तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. हे मला कायम लागत आलं आहे, कारण ते तांत्रिक अडचणीमुळे घडत नाही. जलवाहिनी गावाच्या शेजारून जाते, पण तिला तोटी जोडण्याची तरतूद मूळ योजनेत नसते आणि नंतर कोणाच्याच अंदाजपत्रकात बसत नाही. म्हणून तुमची पहिली मागणी ही असावी: जिथून जलवाहिनी जाईल त्या वाटेवरच्या प्रत्येक गावाला आणि वाडीला त्याच योजनेतून, त्याच निविदेत, नळ. कर्नाळ्याच्या डोंगरातल्या ठाकूर-कातकरी वाड्या यात नावानिशी आल्या पाहिजेत, त्यांची बाजू मांडायला सुनावणीत कोणी येत नाही. आणि धरणासाठी जे उठतील त्यांचा पाणी वापरणाऱ्यांशी थेट संबंध जोडायला हवा. बारवी धरणाची उंची वाढवताना बुडितातल्या कुटुंबांना पाणी घेणाऱ्या स्थानिक संस्थांमध्ये नोकऱ्या देण्याचा मार्ग काढला गेला. उशीर झाला, तक्रारी राहिल्या, पण तत्त्व योग्य होतं. जो पाणी पितो तो जबाबदारीतही असतो.

सांडपाण्याबद्दल थोडंच सांगतो, कारण मार्ग माहीत आहे. नवी मुंबई महापालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोलीत सांडपाणी पुन्हा शुद्ध करून उद्योगांना देण्याचे प्रकल्प उभारलेत. तुमच्या शेजारी तळोजा, रसायनी, पाताळगंगा, जेएनपीएची (न्हावा-शेवा बंदराची) गोदामं आहेत. त्यांना पिण्याच्या दर्जाचं पाणी लागत नाही. त्यांच्याशी करार आधी, प्रक्रियाकेंद्र नंतर. करार नसला की केंद्र चालवायचा खर्च परवडत नाही आणि पाणी खाडीत सोडलं जातं. कचऱ्याचंही तसंच: जागा पहिल्या दिवशी ठरली नाही तर घरं वसल्यावर कोणतंच गाव आपल्या शिवेवर ती होऊ देणार नाही, आणि का द्यावी?

आता ज्या गोष्टीवर तुमचं गाव टिकेल किंवा बुडेल, तिच्याबद्दल सविस्तर. खारभूमी.

बाहेरच्या माणसाला खारेपाट म्हणजे पडीक दलदल वाटते. प्रत्यक्षात ती पिढ्यानपिढ्या माणसाने घडवलेली यंत्रणा आहे. खाडीच्या बाजूला मातीचा बांध. बांधात ठिकठिकाणी उघाड्या, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी दारं. उघाडीची झडप खाडीकडच्या अंगाला टांगलेली असते. भरती आली की खाऱ्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटते. ओहोटी लागली, पातळी उतरली, की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. ना वीज, ना पंप. फक्त पातळ्यांचा मेळ. पण भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले तर मधले काही तास पाणी बाहेर जाऊच शकत नाही, आणि तेवढा वेळ ते थांबवून धरण्याचं काम भातखाचरं, मिठागरं, जिताडा माशाची तळी आणि बांधाबाहेरची कांदळवनं करतात.

किती धरतात? एका हेक्टर खाचरात ३० सेंटिमीटर पाणी उभं राहिलं तर ३० लाख लिटर. शंभर हेक्टरांत ३० कोटी लिटर. वर काढलेली २० लाख लोकांची एका दिवसाची गरज २७ कोटी लिटर होती. म्हणजे शंभर हेक्टर खाचरं भराव टाकून बुजवली, तर अख्ख्या शहराच्या दिवसभराच्या पाण्यापेक्षा जास्त पाणी नवी जागा शोधणार. आणि पाणी सखल भाग शोधतं. भराव घातलेले नवे भूखंड मीटर-दोन मीटर वर, मधे जुनं गावठाण खड्ड्यासारखं खाली. उरणच्या बाजूला भराव झाल्यानंतर ज्या गावांत पूर्वी घरात पाणी येत नव्हतं तिथे यायला लागलं, हे तिथले लोक तुम्हाला सांगतील. नातेवाईक असतीलच, एकदा पावसाळ्यात जाऊन बघून या.

सिडकोच्या पहिल्या पिढीच्या अभियंत्यांना हे कळत होतं. त्यांनी वाशी, नेरूळ, बेलापूरला धारण तलाव ठेवले. तत्त्व उघाडीचंच: भरतीत दार बंद, पाणी तलावात, ओहोटीत बाहेर. पुढे काय झालं तर तलावांत गाळ साचला, गाळात कांदळवन रुजलं, आणि कांदळवनाला न्यायालयाचं संरक्षण असल्यामुळे गाळ काढायला परवानगी मिळवणं कठीण झालं. मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८चा निकाल योग्यच आहे, कांदळवन तोडून शहर वाचत नाही. चूक देखभालीची होती. दरवर्षी गाळ काढला असता तर हा पेच पडलाच नसता. तेव्हा आराखड्यात धारण तलाव दाखवला आहे एवढ्यावर समाधान मानू नका. त्याचा गाळ कोण, किती वर्षांनी, कोणत्या पैशातून काढणार ते विचारा.

समुद्राची पातळी चढते आहे. त्याचा उघाडीच्या भाषेत अर्थ असा की दार उघडं राहण्याचा वेळ कमी कमी होत जाणार आणि उधाणाला बांधाला खांडी जाण्याचा धोका वाढणार. म्हणजे पाणी धरून ठेवायला जागा आजच्यापेक्षा जास्त लागेल. पण आपण नेमकी तीच जागा भराव टाकून कमी करतो, आणि भरावाची माती येते शेजारचा डोंगर फोडून. डोंगर फुटला की पाणी आणखी वेगाने खाली येतं. एकाच कामाने दोन्हीकडून नुकसान. माझं स्पष्ट मत आहे की खारभूमीचा मोठा पट्टा या नवनगरात बांधकामाबाहेर राहिला पाहिजे, आणि तो 'हिरवा पट्टा' म्हणून फुकटात नव्हे. ज्याची जमीन शहराचं पुराचं पाणी धरणार, त्याला शहराने दरवर्षी मोबदला द्यावा किंवा उंच भागात विकसित भूखंड द्यावा. शेजाऱ्याला चटई क्षेत्र (बांधकामाचा हक्क) आणि याला फक्त बंधनं, हे कोणी मान्य करणार नाही, करूही नये.

जमिनीचा प्रश्न यातूनच येतो. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध झालेल्या आंदोलनात जासई परिसरात पाच शेतकऱ्यांनी गोळीबारात जीव दिले. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व आलं आणि ते पुढे देशभर चर्चिलं गेलं. विमानतळासाठी ते साडेबावीसवर गेलं. पण नवी मुंबईत एक गोष्ट राहूनच गेली: गावठाणांची हद्द वेळेवर वाढली नाही. कुटुंबं वाढली, माणसांनी आपल्याच जुन्या जमिनीवर घरं बांधली, आणि ती कागदोपत्री अनधिकृत ठरली. 'गरजेपोटीची घरं' हा शब्दप्रयोग तिथून आला आणि तो प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. तुमच्या गावात पुढच्या तीस वर्षांत किती कुटुंबं होतील, हे आज मोजून तेवढं गावठाण आराखड्यात आधी दाखवून घ्या. इतर कोणत्याही आरक्षणाच्या आधी.

संपादनापेक्षा नगररचना योजना मला बऱ्या वाटतात. त्यांत सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, बागा, शाळा काढल्या जातात आणि उरलेल्या जागेत प्रत्येकाला नीट आकाराचा भूखंड परत मिळतो. ही पद्धत आपलीच, १९१५च्या मुंबईच्या कायद्यातली. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा वर्तुळाकार रस्ता प्रामुख्याने याच मार्गाने झाला. शेजारच्या नैना क्षेत्रात (नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नियोजन क्षेत्रात) ४० टक्के जमीन परत देण्याच्या अशाच योजना चालू आहेत आणि तिथले शेतकरी रागावले आहेत. त्यांचा राग समजून घ्या, कारण तो तुमच्याही वाट्याला येऊ शकतो. शेतकरी ६० टक्के जमीन पहिल्या दिवशी सोडतो. उरलेल्या ४० टक्क्यांची किंमत रस्ता, पाणी, वीज आल्यावरच होते. ते यायला दहा वर्षं लागली तर जोखीम सगळी त्याच्या अंगावर. पुन्हा क्रमच. म्हणून योजनेच्या खर्चाची रक्कम त्याच्याकडून भूखंडापर्यंत रस्ता आणि जलवाहिनी पोचेपर्यंत मागू नये, आणि ठरलेल्या तारखेला त्या पोचल्या नाहीत तर भरपाई मिळावी, एवढं अटींत लिहिलेलं हवं. मगरपट्ट्याचं उदाहरण तुम्हाला कोणीतरी देईल. पुण्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी एकत्र येऊन कंपनी केली, हे खरं आणि कौतुकाचं आहे. पण तिथे जमीन सलग होती आणि शहर दाराशी आलेलं होतं. खारेपाटात वीस वारस आणि चार गुंठे असतात. तिथे हे जमवायचं तर आधी सातबारा आणि वारसनोंदी साफ कराव्या लागतील, आणि ते काम तुम्ही आजच सुरू करू शकता.

निर्णय कोण घेणार, हा प्रश्न थोडक्यात. तुमच्या भागात एमएमआरडीए, सिडको, जेएनपीए, रेल्वे, खारभूमी विभाग, कोकण पाटबंधारे, जीवन प्राधिकरण, जिल्हा परिषद, वन विभाग एवढे सगळे आहेत आणि प्रत्येकाचा नकाशा वेगळा. राज्यघटनेच्या २४३ झेडई अनुच्छेदाने महानगर नियोजन समिती सांगितली आहे आणि तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरपालिका आणि पंचायतींतल्या निवडून आलेल्या लोकांमधून यायचे आहेत. तिला खरं वजन कधीच मिळालं नाही. तुमच्या आमदारांकडे, जिल्हा परिषद सदस्यांकडे हा विषय धरून लावा. सरपंचाला आराखडा बघायला मिळणं आणि आराखड्यावर मत द्यायला मिळणं यात मोठा फरक आहे.

हरकत कशी लिहायची ते सांगतो. छापील मजकुराखाली हजार सह्या देऊ नका, त्या एकाच हरकतीसारख्या निकाली निघतात. प्रत्येकाने आपला सर्व्हे नंबर टाकून, एक-दोन नेमक्या मागण्या लिहाव्यात आणि सुनावणी हवी असं स्पष्ट नमूद करावं. गावाची म्हणून एक वेगळी हरकत ग्रामसभेच्या ठरावासह द्या. त्यात मागा: कामांचा टप्पेवार तक्ता, प्रत्येक टप्प्याचा खर्च आणि तो देणाऱ्याचं नाव, पाणी आणि सांडपाण्याची सोय सुरू झाल्याशिवाय त्या टप्प्यात भोगवटा दाखला न देण्याची अट, आणि भरावाची पातळी गावठाणाच्या पातळीशी तुलना करून दाखवणारे उभे छेद. ही शेवटची मागणी लोक विसरतात. नकाशा वरून बघितलेला असतो, त्यात उंची दिसत नाही, आणि तुमचा पूर उंचीतच आहे.

पावसाळ्याआधी एक काम गावात करून घ्या. पेणच्या खारभूमी विभागाच्या कार्यालयातून तुमच्या खारभूमी योजनेचा नकाशा मागवा, माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागला तरी करा. मग गावातल्या दोन-चार जाणत्या माणसांना घेऊन बांधावरून चाला आणि प्रत्येक उघाडी त्या नकाशावर मांडा: कुठे आहे, झडप शाबूत आहे का, तिच्याकडे येणारा नाला कोणत्या सर्व्हे नंबरांतून वाहतो, उधाणाला पाणी कुठपर्यंत चढतं. बऱ्याच उघाड्या आणि नाले सातबारावर नसतात, त्यामुळे आराखडा करणाऱ्याला ते दिसतच नाहीत आणि त्यांच्यावर सरळ रस्ता आखला जातो. हा नकाशा ग्रामसभेच्या ठरावाला जोडा, एक प्रत नवनगर प्राधिकरणाकडे आणि एक जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन दोन्हीकडची पोच घ्या. नाला अडवला गेला आणि प्रकरण पुढे न्यायालयात गेलं, तर तारखेचा शिक्का असलेली ती पोच उपयोगी पडेल.